विजेची गाडी आणि शिशाचे ओझे

आमच्या नागपूरच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर ई-रिक्षांचा एक थांबा आहे. तेथे उभे राहणारे एक रिक्षावाले माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी पाहतो, तो त्यांनी गाडीची बैठक उचलून ठेवलेली आणि तिच्याखालच्या चार काळ्या पेट्या उघड्या पडलेल्या.

"काय भाऊ, काय झालं?"

"बॅटऱ्या बसल्या जी, सर. सव्वा साल बी नाही झालं. सकाळी फुल चार्ज करून काढतो, अन् दोन वाजले की गाडी रडाले लागते."

चारही बॅटऱ्या शिशाच्या. नव्या घ्यायच्या म्हणजे पुन्हा हप्ते आले. जुन्यांचे काय करणार, असे मी विचारले. म्हणाले, "दुकानदार वजनावर घेते ना जी. शिशाले भाव हाय." आणि तो दुकानदार पुढे कुठे पाठवतो? "थे आपल्याले काय मालूम?"

श्रोतेहो, मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रातले आणि रसायनातले मला कामापुरतेच कळते. पण त्या दिवशी वर्गाकडे जाताना माझ्या मनात आले की, हे गाऱ्हाणे आपण कुठेतरी वाचलेले आहे. वाचलेले होतेही. लंडन आणि न्यूयॉर्क येथे १८९७ साली धावलेल्या विजेच्या भाडोत्री गाड्यांच्या हकीकतीत हेच गाऱ्हाणे येते. विजेची गाडी म्हणजे अगदी आजकालचे नवल, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती पेट्रोलच्या मोटारीच्या बरोबरीची आहे; काही बाबतींत तिची थोरली बहीणच म्हणा ना. आणि ती का मागे पडली, मागे पडूनही आपल्या घरात काय ठेवून गेली, याचा हिशेब आज पुन्हा मांडण्याजोगा आहे.

विजेने वाहन चालवायचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग मुंबईकरांनी पाहिला. तेथील ट्राम १८७४ पासून घोडे ओढीत असत. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. डोक्यावर तार, तारेतून वीज. साठवणीचा प्रश्नच नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली, तीही तारेवरच. परंतु तार आली की रूळ आला, आणि रूळ आला की गाडी गल्लीबोळात शिरायची नाही. दाराशी येऊन उभी राहील अशी गाडी हवी, तर वीज पेटीत भरून बरोबर न्यावी लागते. हा दुसरा मार्ग. सगळी अडचण त्या पेटीत आहे.

ती पेटी फ्रान्समध्ये जन्मली. गॅस्टन प्लान्ते या शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पातळ पत्रे एकमेकांना टेकू न देता गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. त्यांतून वीज सोडली की ती साठून राही आणि पुढे परत घेता येई. तोवरच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. ही पुन्हा भरता येत होती. पुढे १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साईडचा लगदा पत्र्यांवर थापून तिची धारणशक्ती पुष्कळ वाढवली. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालून दाखवली गेली. येथे एवढे ध्यानात ठेवायचे की, बॅटरीत वीज पाण्यासारखी भरलेली नसते. चार्ज करताना पत्र्यावरचा लगदा एका रूपातून दुसऱ्या रूपात जातो, गाडी चालताना तो पुन्हा पहिल्या रूपात येतो. या जाण्यायेण्यात लगदा थोडा थोडा झिजतो, सुटतो, तळाशी बसतो. घासलेटचा डबा रिकामा झाला तरी डबा तसाच राहतो. बॅटरीचा डबा स्वतःच खर्च होत असतो. उन्हाळा नागपूरसारखा असेल तर अधिकच लवकर.

आता लंडनला जाऊ. ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी या तरुण अभियंत्याच्या विजेच्या टॅक्सी तेथे रस्त्यावर आल्या. गुणगुणल्यासारखा आवाज आणि पिवळाकाळा रंग, त्यामुळे लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' असे नाव दिले. पुढच्याच महिन्यात त्यांतल्या एका टॅक्सीचा चालक दारूच्या नशेत गाडी एका इमारतीवर घालून बसला. मोटार चालवताना दारू प्यायल्याबद्दल इंग्लंडात झालेली ती पहिली अटक मानतात. म्हणजे या बाबतीतही पहिला मान विजेच्या गाडीचाच! ते असो. गाडी धूर सोडीत नव्हती, लीद टाकीत नव्हती, घोड्यासारखी बुजत नव्हती. लोक खूष होते. पण गाडीचे वजन दोन टनांच्या घरात. त्या भाराने टायर झिजत, खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनी पत्र्यांवरचा लगदा सुटे. दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाला खाऊ लागला आणि १८९९ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या.

न्यूयॉर्कची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तेथे मॉरिस आणि सॅलम या दोघांनी १८९७ सालीच डझनभर विजेच्या भाडोत्री गाड्या सुरू केल्या. मॉरिस यंत्रज्ञ आणि सॅलम रसायनज्ञ. बॅटरी चार्ज व्हायला तासन्‌तास लागतात. तोवर गाडी आणि चालक दोघेही बसून राहणार. यावर त्यांनी काढलेला तोडगा आज ऐकला तरी नवा वाटेल. गाडी ठाण्यात आली की सुमारे अर्ध्या टनाची सबंध बॅटरी यंत्राने ओढून बाहेर काढायची, दुसरी भरलेली आत सरकवायची, आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. आज दुचाकींसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रे निघाली आहेत, त्यांचा हा पणजोबा. छोट्या प्रमाणात, मालकांच्या डोळ्यांसमोर, हे चांगले चालले. मग त्यात बडे भांडवलदार शिरले. 'इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी' या नावाने शहरोशहरी हजारो गाड्यांची स्वप्ने रंगली. बॅटरीची निगा हे कौशल्याचे काम. कोणती किती चार्ज करायची, कोणतीतले आम्ल तपासायचे, कोणतीला विश्रांती द्यायची, हे नवख्या हातांना जमेना. बॅटऱ्या वेळेआधीच मरू लागल्या. वर्तमानपत्रांनी तिला शिशाच्या गाड्यांची मक्तेदारी म्हणून झोडपले, आणि १९०७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. विजेची गाडी त्या काळी दुबळी नव्हती. १९०० च्या अमेरिकन गणनेप्रमाणे त्या देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा सर्वप्रथम ओलांडली तीही विजेच्या गाडीने: २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय येनात्सी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. गाडी बंदुकीच्या गोळीच्या आकाराची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातील कांगोत सायकलींच्या आणि मोटारींच्या टायरांना लागणाऱ्या रबरासाठी तेथील माणसांवर काय अत्याचार चालले होते, ते जगाला पुरते कळायला आणखी काही वर्षे लागली. कांगोचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मग अडले कुठे? वजनावर. आजच्या चांगल्या शिशाच्या बॅटरीत किलोमागे ३० ते ४० वॉट-तास शक्ती मावते. किलोभर पेट्रोलच्या ज्वलनातून सुमारे १२,००० वॉट-तास उष्णता निघते. इंजिनाने त्यातली तीन-चतुर्थांश वाया घालवली तरी उरते ती कित्येक पटींनी जास्त. थॉमस एडिसनला हे कळत होते. शिसे आणि आम्ल दोन्ही टाकून त्याने निकेल आणि लोखंड यांची, पोटॅशच्या द्रावणातली बॅटरी करायला घेतली. हजारो प्रयोग झाले. १९०३ साली ती बाजारात आली. पण डबे गळू लागले, काहींची शक्ती भराभर उतरू लागली. एडिसनने उत्पादन थांबवले, खपलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. १९०९ मध्ये जी सुधारलेली बॅटरी त्याने दिली ती खरोखर टिकाऊ होती. परंतु महाग होती, आणि आदल्याच वर्षी हेन्री फोर्डची स्वस्त मोटार बाजारात उतरली होती. खुद्द फोर्डची पत्नी मात्र विजेचीच गाडी चालवी, ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो हार्टफर्ड या अमेरिकन गावातल्या वीज कंपनीचा उद्योग. तिने विजेचे मालट्रक बॅटरीशिवाय विकायची व्यवस्था केली. ट्रक व्यापाऱ्याचा, बॅटरी कंपनीची. व्यापाऱ्याने दरमहा ठराविक रक्कम आणि चाललेल्या मैलांचे पैसे द्यायचे; बॅटरी बदलून देणे, तिची निगा राखणे, ती मेली तर नवी घालणे हे सगळे कंपनीने पाहायचे. १९१० ते १९२४ या काळात या गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक मजल मारली. म्हणजे झिजेचा भार कोणी सोसायचा हे आधी ठरले तर तीच जड, तीच चंचल शिशाची बॅटरी चौदा वर्षे कामाला येते. आमच्या थांब्यावरच्या रिक्षावाल्याला ती झीज एकट्याला सोसावी लागते, आणि तीही कर्ज काढून.

विजेच्या गाडीला अखेरचा धक्का दिला तो पुन्हा विजेनेच. पेट्रोलचे इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे, आणि दांडा उलटला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याने विजेचा स्टार्टर काढला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. आता पेट्रोलची गाडीही बटण दाबून सुरू होऊ लागली. पण स्टार्टरला लागते बॅटरी! अशा रीतीने विजेच्या गाडीला हरवणाऱ्या गाडीने तिचीच पेटी आपल्या पोटात ठेवून घेतली. तेव्हापासून जगात जेवढ्या मोटारी झाल्या तेवढ्या शिशाच्या बॅटऱ्या झाल्या. आज जगातील ८० टक्क्यांहून अधिक शिसे बॅटऱ्यांतच जाते.

केटरिंगचा शिशाशी संबंध एवढ्यावर संपत नाही. पुढे त्याच्याच प्रयोगशाळेत १९२१ साली पेट्रोलमध्ये मिसळायचे शिशाचे संयुग सापडले. त्याने इंजिनाची ठोकर बंद होई. ते बनवताना १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या एका कारखान्यात पाच कामगार वेडाच्या झटक्यात मेले. तरी ते चालूच राहिले. आपल्या देशातून शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत गेले. जगातून गेले २०२१ मध्ये.

नळकांड्यातले शिसे गेले. पेटीतले राहिले.

आता कोणी म्हणेल, बॅटरीतले शिसे तर बंद डब्यात असते, ते कोणाचे काय वाईट करणार? शिवाय ते पुन्हा वितळवून वापरता येते. हे खरे आहे. चांगल्या कारखान्यात, धूर गाळून, कामगारांचे रक्त तपासून हे काम नीट करता येते आणि पुष्कळ ठिकाणी तसे होतेही. पण शिशाला भाव असतो, आणि ते कमी आचेवर वितळते. म्हणून ते परसातल्या चुलीवरही वितळवता येते. सेनेगल देशात डाकार शहराच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथील बायका जुन्या बॅटऱ्या फोडीत आणि मातीत मिसळलेले शिसे चाळून विकीत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत त्या वस्तीतील १८ मुले दगावली. प्रथम तो मलेरिया किंवा मेंदूज्वर असावा असे वाटले. नंतर तपासात त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात भयंकर प्रमाणात शिसे सापडले. ती मुले कुठल्याही विजेच्या गाडीत कधी बसली नव्हती.

शिसे मुलांच्या मेंदूवर जाते, आणि कितीही थोडे असले तरी ते निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर असल्याचा अंदाज आहे. त्याला रंग, मसाल्यातली भेसळ अशी इतरही कारणे आहेत. पण जुन्या बॅटऱ्यांच्या भट्ट्या हे मोठ्या कारणांपैकी एक आहे.

१९९५ साली अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा वाद माजला. कॅलिफोर्नियाने धुराविना चालणाऱ्या गाड्यांची सक्ती करायचे योजले होते, आणि तेव्हा हाताशी बॅटरी होती ती शिशाचीच. कार्नेगी मेलन विद्यापीठातील तिघा अभ्यासकांनी 'सायन्स' नियतकालिकात हिशेब मांडला की, खाण, कारखाना आणि भट्टी धरली तर अशी गाडी दर किलोमीटरला शिसेयुक्त पेट्रोल जाळणाऱ्या गाडीच्या साठपट शिसे बाहेर टाकील. टीकाकार तुटून पडले. भट्टीच्या मळीत पुरलेले शिसे आणि मुलांच्या नाकासमोर हवेत सोडलेले शिसे एकाच तराजूत कसे घालता, असा त्यांचा प्रश्न होता. मला तो आक्षेप रास्त वाटतो. साठपट हा आकडा डोळे मिटून घेण्याजोगा नाही. तरीपण गाडीचा हिशेब तिच्या नळकांड्यापाशी संपत नाही, हे त्या लेखाने लोकांना मान्य करायला लावले.

मग लिथियम आले. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या १९७० ते १९८५ च्या दरम्यानच्या कामातून ही बॅटरी झाली, १९९१ साली ती बाजारात आली आणि २०१९ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तीत शिसे नाही, गंधकाम्ल नाही, आणि किलोमागे शक्ती शिशाच्या चार-पाच पट. एडिसनला जे हवे होते ते हेच. विजेची गाडी शंभर वर्षांनी उठून बसली ती हिच्या बळावर. ती कोळशाच्या विजेवर चालली तर काय उपयोग, असे आमच्याकडे कोराडीच्या चिमण्यांकडे बोट दाखवून विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण बहुतेक अभ्यासांत खाणीपासूनचा सगळा धूर मोजूनही ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरीच ठरते.

अडचणी मात्र नवे कपडे घालून परत आल्या. पहिल्या लिथियम बॅटऱ्यांना कोबाल्ट लागे, आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास कांगोतून येते. तेथील हातखाणींत लहान मुले खपतात हे ॲम्नेस्टीने २०१६ मध्ये जगापुढे मांडले. पूर्वी रबर, आता कोबाल्ट. यावर उतारा म्हणून लोह आणि फॉस्फेट यांची लिथियम बॅटरी आहे. तिचा शोध १९९७ चा. तीत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. ती आगीलाही कमी बिथरते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर धडाडून पेटल्याचे चित्र आपण सर्वांनी पाहिले. त्यानंतर सरकारने डिसेंबरपासून बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. या लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत एक मेख आहे. तिच्यात महाग धातू नाहीत, म्हणून मेल्यावर तिला भंगारातही फारसा भाव नाही. शिशाला भाव आहे म्हणून ते चुलीवर वितळवले जाते. या बॅटरीला भाव नाही, म्हणून ती कोणी उचलणारच नाही असे भय.

चार्जिंगची तीच कथा. मे २०१७ मध्ये आमच्या या नागपुरातच एका टॅक्सी कंपनीने सुमारे दोनशे विजेच्या वाहनांचा मोठा प्रयोग मांडला. उद्घाटन थाटात झाले. वर्षाच्या आतच चालक कुरकुरू लागले: चार्जिंगपाशी तासन्‌तास रांग, तेवढ्या वेळात भाडी बुडतात, आम्हांला आमच्या जुन्या गाड्या बऱ्या. १८९७ च्या त्या न्यूयॉर्कच्या जोडगोळीने पहिल्याच दिवशी ओळखलेली अडचण आमच्याकडे एकशेवीस वर्षांनी पुन्हा शोधून काढली गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये भारत सरकारने बॅटरीच्या कचऱ्यासंबंधी नवे नियम केले. त्यांत शिशाच्या आणि लिथियमच्या, दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या येतात, आणि मेलेली बॅटरी गोळा करून योग्य कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर टाकली आहे. हार्टफर्डच्या कंपनीने आपखुशीने जे केले त्याचा एक भाग आता कायद्याने आला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्या दुपारची हकीकत अर्धी राहिली. रिक्षावाल्याला मी विचारले, मग भाऊ, परत सायकलरिक्षा बरी का? ते माझ्याकडे पाहतच राहिले. "काहून जी? पाय वाचले ना माये. ऊन्हात तीन सवाऱ्या ओढून पाहा एक दिवस." आता यावर कोण काय बोलणार? लिथियमची बॅटरी का घेत नाही, तर ती टिकते जास्त हे त्यांना ठाऊक आहे, पण एकरकमी तेवढे पैसे कोण देणार? मी त्यांना नव्या नियमांची गोष्ट सांगितली, आणि जुन्या बॅटऱ्या देताना दुकानदाराकडून रीतसर पावती घ्या म्हणालो.

चार दिवसांनी गाडी पुन्हा थांब्यावर उभी होती. बैठकीखाली नव्या चार पेट्या. जुन्या, शंभर किलोंच्या वर वजनाच्या, दुकानदाराने हातगाडीवरून नेल्या होत्या. पावतीचे विचारले तर हसून म्हणाले, "मांगतली होती जी. तो म्हणे, पावती पायजे तं किलोमागं भाव कमी लागन."